निराश्रित तरुण आणि आपल्या विहारांचे कुलूप



फौजदारी न्यायालयात आरोपीला प्रथम जे प्रश्न विचारले जातात ते अगदी साधे असतात. नाव काय, वय काय, धंदा काय आणि राहणार कोठला? काही दिवसांपूर्वी एका एकोणीस वर्षांच्या मुलाने पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नीट दिली. चौथ्या प्रश्नाला मात्र तो खाली मान घालून उभा राहिला. रात्री दोनच्या सुमारास एस. टी. स्थानकाच्या बाकावर तो झोपलेला आढळला, पोलिसांना समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही, एवढाच त्याचा अपराध. त्याच्या पिशवीत बारावीचे गुणपत्रक, एक सदरा आणि एक टॉवेल याखेरीज काहीही सापडले नाही. बालगृहात वाढलेला हा मुलगा अठरा वर्षे पूर्ण होताच बाहेर पडला होता. न्यायालयाने त्यास जातमुचलक्यावर सोडले. परंतु जातमुचलक्यावरही पत्ता लिहावा लागतो! वकील म्हणून मी अर्ज लिहू शकलो, युक्तिवाद करू शकलो. पण त्या रात्री त्याने पाठ कोठे टेकावी याचे उत्तर माझ्या कायद्याच्या पुस्तकांत नव्हते.

त्या न्यायालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आपले विहार आहे. त्या संध्याकाळी त्याला कुलूप होते. त्या कुलपाचा दोष मी दुसऱ्या कोणाला देत नाही, कारण त्या विहाराच्या समितीचा मीही एक सभासद आहे. म्हणूनच हा लेख मी इतरांना उपदेश करण्यासाठी नव्हे, तर आपल्या सर्वांच्या दाराशी, माझ्याही दाराशी, उभा राहून लिहीत आहे.

बडोद्याची ती संध्याकाळ

आपण नव्याने धम्म स्वीकारला आहे. आपल्या घरातील भिंतीवर परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. त्या तसबिरीतील महापुरुष हा एके काळी शहरात डोके टेकावयास जागा नसलेला तरुण होता, हे आपण आपल्या मुलांना सांगितले आहे काय?

सन १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्यास गेले. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, लंडनमध्ये अध्ययन केलेल्या या विद्वानास त्या शहरात हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी लोक तेथे आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सोडले. बाबासाहेबांनी दोन परिचितांपुढे आपली अडचण मांडली. त्यांपैकी एक हिंदू होता, एक ख्रिस्ती होता. एकाने आपले नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तेवढे तास त्यांनी कामाठी बागेत काढले व रात्रीच्या गाडीने बडोदे सोडले.

या प्रसंगाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. तेथे संकल्पभूमी झाली आहे व तिला आपण वंदन करतो. हे योग्यच आहे. परंतु मी आपणांस एक प्रश्न विचारतो. त्या संध्याकाळी बडोद्यात एखाद्या गृहस्थाने किंवा एखाद्या संस्थेने, “आठ दिवस येथे राहा, तोपर्यंत आपण दुसरी जागा शोधू,” एवढेच म्हटले असते तर? बाबासाहेबांनी त्या पारशांकडे आठवड्याचीच मुदत मागितली होती. सर्वस्व मागितले नव्हते, दया मागितली नव्हती. मागितली होती ती केवळ मुदत. निराश्रित तरुणाला समाजाकडून नेमके हेच हवे असते. त्याला आयुष्यभर पोसणारा अन्नदाता नको. सावरण्यापुरते काही दिवस आणि एक पत्ता हवा.

आणि हा इतिहास बडोद्यात संपला असे म्हणावे, तर तसेही नाही. शंभर वर्षे उलटत आली असता, जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या वसतिगृहातून काढलेले पाच दलित संशोधक विद्यार्थी विद्यापीठाच्याच आवारात उघड्यावर तंबू ठोकून राहिले. त्या जागेस त्यांनी वेलीवाडा, म्हणजे गावाबाहेरची वस्ती, असे नाव दिले. त्यांच्यापैकी रोहित वेमुला याच्या जीवनाचा १७ जानेवारी रोजी अंत झाला. त्याचेही वय सव्वीसच होते. त्याच वर्षी १४ एप्रिल रोजी त्याच्या आईने व भावाने मुंबईत धम्मदीक्षा घेतली. ते कुटुंब आज आपल्या धम्मबांधवांपैकी एक आहे. तेव्हा हा विषय परक्यांचा आहे असे कोणी समजू नये.

हे तरुण कोण आहेत?

अशा तरुणांचे चार प्रकार मला दिसतात. पहिला, बालगृहातून वयामुळे बाहेर पडलेला. दुसरा, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात आलेला व वसतिगृहात जागा न मिळालेला. तिसरा, जातीबाहेर लग्न केल्यामुळे किंवा करू इच्छिल्यामुळे घरच्यांच्या भयाने पळालेला. यात मुली व मुलगे दोन्ही आले. चौथा प्रकार सांगताना जीभ जड होते. तो म्हणजे आपल्याच घरातून हाकललेला: परीक्षेत नापास झाला म्हणून, सावत्र आईला नकोसा झाला म्हणून, दारुड्या बापाचा मार सोसेना म्हणून, किंवा त्याचा देह आणि मन समाजाने ठरविलेल्या स्त्री-पुरुषाच्या चौकटीत बसत नाही म्हणून.

सन २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली. त्यांपैकी महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक होती. परंतु मी सांगतो ते तरुण बहुधा या मोजणीत नसतात. आज मित्राच्या खोलीवर, उद्या कारखान्याच्या पडवीत, परवा रेल्वेच्या फलाटावर असे ते हिंडतात. ज्याची नोंद नाही त्याची दाद नाही.

कायदा काय देतो आणि कोठे थांबतो

आता कायद्याची बाजू पाहू. ती जाणून घेणे आपल्या हिताचे आहे. कारण मागावयाचे काय हेच ठाऊक नसेल तर माणूस हक्काच्या जागी भीक मागू लागतो.

घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने जीविताचा हक्क दिला. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांच्या संबंधात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क या अनुच्छेदात येतो असे सांगितले; मात्र नोटीस देऊन झोपड्या हलविण्यास मुभाही ठेवली. १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे हे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१० मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत निवारा पाडला गेल्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले व त्यातून शहरोशहरी बारमाही निवारे उभारण्याचे आदेश निघाले. पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात प्रमाण असे ठरले की, शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा असावा, तो चोवीस तास उघडा असावा आणि माणशी निदान ५० चौरस फूट जागा असावी. २०१६ मध्ये या कामाची तपासणी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली, यावरून अंमलबजावणीची प्रत काय होती हे आपण समजू शकता. योजना येतात आणि मुदत संपून जातात. अनुच्छेद २१ ला मुदत नाही.

परंतु निवारा असला तरी तो तरुणाला पुरतो काय? अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी अनाथ मुलगा कायद्याच्या दृष्टीने काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक असतो. त्याच्यासाठी बालकल्याण समिती असते, १०९८ ही दूरध्वनी सेवा असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रौढ होतो आणि पन्नास वर्षांच्या व्यसनी माणसाशेजारी त्याच दालनात त्याला अंथरूण घालावे लागते. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने अठरा ते एकवीस वयाच्या अशा तरुणांसाठी अनुरक्षणाची कल्पना मांडली आहे. कलम ४६ प्रमाणे संस्थेतून बाहेर पडणाऱ्यास आर्थिक साहाय्य देता येईल. वाचकहो, “देता येईल” आणि “दिले पाहिजे” या दोन शब्दप्रयोगांत एका माणसाचे आयुष्य बसते! महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवले, हे स्तुत्य आहे. पण नोकरीच्या परीक्षेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी रात्री झोपावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा थोडा पुढे गेला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम ६ अन्वये, पीडित स्त्रीसाठी मागणी आल्यास आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला आश्रय दिलाच पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यात निघालेल्या सखी केंद्रांत तात्पुरत्या मुक्कामाची सोय पाच दिवसांपर्यंत असते व १८१ या क्रमांकावर मदत मागता येते. सहाव्या दिवसाचे काय, हा प्रश्न मात्र तेथेही उरतोच.

आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवास उभारण्याचा विचार राज्यांनी करावा, नाममात्र शुल्कावर प्रथम एक महिना आणि धोका कायम असल्यास जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत तेथे राहू द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. जातिनिर्मूलनाचा मार्ग आंतरजातीय विवाहातून जातो हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले होते. त्या मार्गाने निघालेल्या दोन जिवांना पहिल्या रात्री थांबावयास जागा नसेल, तर आपल्या जयघोषांना काय अर्थ राहिला?

ही परंपरा आपलीच आहे

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे. विहाराचे काम वंदनेचे. मी नम्रपणे विचारतो, विहार या शब्दाचा पहिला अर्थ काय? राहावयाची जागा! विनयपिटकात कथा आहे की, भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, उघड्यावर राहतात हे पाहून राजगृहाच्या एका श्रेष्ठीने एका दिवसात साठ निवास बांधून घेतले. ते कोणास द्यावेत असे त्याने विचारले असता, चारी दिशांच्या संघास, आलेल्यास आणि पुढे येणाऱ्यास द्यावेत, असे भगवंतांनी सांगितले. आलेल्यास व येणाऱ्यास! नाव, गाव, गोत्र यांचा त्यात उल्लेख नाही. त्याच श्रेष्ठीचा मेहुणा सुदत्त पुढे जेतवनाचा दाता झाला. जग त्याला सुदत्त म्हणून ओळखत नाही. अनाथांना घास देणारा, अनाथपिंडिक, म्हणून ओळखते. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात वाटसरूंसाठी लावलेली झाडे, खणलेल्या विहिरी आणि बांधलेली विश्रामस्थाने नमूद केली आहेत. धम्म म्हणजे केवळ गाथा नव्हेत. सावली, पाणी आणि छप्पर यांचाही धम्मात समावेश आहे.

जवळचा इतिहास पाहा. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या तरुण विधवांसाठी आणीबाणीचा आश्रय म्हणतात तो हाच. त्या विधवा बहुतेक ब्राह्मण घरांतील होत्या; फुले दांपत्याने त्यांची जात पाहिली नाही, आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह उघडले. चळवळीच्या अगदी आरंभीच्या कामांत वसतिगृह आहे, हे ध्यानात घ्या. आधी राहण्याची सोय, मग शिक्षण, मग संघर्ष, असा तो क्रम होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा देवासाठी नव्हत्या, माणसासाठी होत्या.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

मी हा विषय आमच्या समितीत मांडला तेव्हा तीन आक्षेप निघाले. आपल्या गावातही तेच निघतील, म्हणून त्यांची उत्तरे देतो.

पहिला आक्षेप पोलिसांच्या त्रासाचा. प्रौढ माणसाला आश्रय देणे हा गुन्हा नाही. गुन्हेगार आहे हे जाणून त्याला शिक्षेपासून वाचविण्यासाठी लपविणे हा गुन्हा आहे. यासाठी नोंदवही ठेवावी, ओळखीची खूण घ्यावी, आणि लपविण्यासारखे काही नसल्यामुळे कोणी विचारल्यास ती दाखवावी. भयाने पळून आलेल्या जोडप्याची माहिती मात्र त्यांच्या नातेवाइकांस देऊ नये. अशा वेळी आपल्या वकिलामार्फत पोलीस अधीक्षकांकडे संरक्षणाचा अर्ज करावा. आलेली व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर भावनेच्या भरात ठेवून घेऊ नये. पालकांपासून दुरावलेल्या बालकाची खबर चोवीस तासांच्या आत देणे कलम ३२ अन्वये बंधनकारक आहे.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. वंदनेच्या दालनात परका कसा झोपेल? मी म्हणतो, दालनात नको. शेजारच्या खोलीत झोपेल. परंतु विटाळाची कल्पना मागील दाराने आपल्या विहारात शिरत नाही ना, एवढे आपल्या मनाला विचारून पाहावे. ज्यांना धर्मशाळेतून लाठ्यांनी हाकलले त्यांच्या वारसांनी तरी हा शब्द फार जपून वापरावा.

तिसरा आक्षेप पैशाचा. दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. तेव्हा आपणच अन्नछत्रे चालवितो, अंथरुणे घालतो, औषधे देतो. जो समाज तीन दिवस लाखोंना सांभाळतो, त्याला वर्षातील उरलेले दिवस दोघांना सांभाळणे जड जावे हे मला पटत नाही. आपणांस उत्सवाची सवय झाली आहे, व्यवस्थेची झालेली नाही. खरी अडचण ती आहे.

काय करावे

म्हणून माझी सूचना नेमकी आणि छोटी आहे. प्रत्येक शहरातील निदान एका विहाराने एक खोली, चार अंथरुणे आणि एक दिवा निराश्रित तरुणांसाठी राखावा. स्त्रियांसाठी जागा वेगळी असावी आणि तिची किल्ली महिला मंडळाकडे असावी. मुक्काम सात रात्रींचा. समितीने ठरविल्यास आणखी सात. दारू व मारामारी निषिद्ध. जात, पोटजात व धर्म विचारण्यास सक्त मनाई. लग्नाच्या वेळी पोटजात शोधणाऱ्या आपल्यातील काहींना हे शेवटचे कलम विशेष जाचेल. म्हणूनच ते हवे.

परंतु केवळ छप्पर देऊन थांबू नये. त्या सात दिवसांत तीन कामे व्हावीत. पहिले, कागदपत्रांचे. जातीचा दाखला, आधार, शिधापत्रिका यांच्यासाठी कोणीतरी सोबत जावे. बेघराला मतदार म्हणून नाव नोंदविता येते; तो झोपतो त्या ठिकाणी रात्री जाऊन खात्री करण्याची तरतूद निवडणूक आयोगाने केलेली आहे. दुसरे, शिक्षणाचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तिची रक्कम आरंभी वर्षाला ६० हजार रुपये ठरली होती. किती मुलांना तिचे नावही ठाऊक नसते! तिसरे, कायद्याचे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती व स्त्री यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, हे आपल्या मुलांना माहीत असू द्या.

आणि हे करताना शासनाला मोकळे सोडू नये. आपल्या शहराची लोकसंख्या पाच लाख असेल तर शंभर-शंभरांचे पाच निवारे कोठे आहेत, त्यांत तरुणांसाठी वेगळा कक्ष आहे काय, असा माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. विहारातील खोली ही शासनाच्या कर्तव्याची जागा घेण्यासाठी नव्हे; ते कर्तव्य बजावले जाईपर्यंत कोणी फलाटावर मरू नये यासाठी आहे.

शेवटी आपल्या उंबरठ्याविषयी. बावीस प्रतिज्ञा घेताना प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आपण दिले आहे. त्या प्राणिमात्रांत नापास झालेला आपला मुलगा येतो, मनाप्रमाणे लग्न करणारी आपली मुलगी येते, आणि जगाने नावे ठेवलेले आपले लेकरूही येते. रागाच्या भरात “चालता हो” हे शब्द उच्चारण्यापूर्वी बाहेर रात्र आहे, एवढे आठवावे.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलाविषयी आपण विचाराल. ती रात्र त्याने माझ्या कचेरीतील बाकावर काढली आणि जातमुचलक्यावर मी माझ्याच कचेरीचा पत्ता लिहिला. परंतु एका वकिलाच्या बाकावर समाजाची व्यवस्था चालत नाही. आमच्या समितीची पुढील बैठक पौर्णिमेला आहे. खोलीचा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. आपल्या गावी आपणही मांडावा. कुलपाच्या किल्ल्या आपल्याच हातात आहेत.

जय भीम!